सॉलीचा अर्धा वाटा

लिहून ठेवणार: फ्रीडा बॅम्बर, माहेरची आणि लेखनातली फ्रीडा हॅसलम, वय वर्षे ऐंशी, धंदा विनोद लिहिणे (सध्या बंद), राहणार फ्लीटवुड, लँकेशर.

कारणे इच्छापत्र लिहून ठेवते की, माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, शेरी पाजलेली नाही. यापूर्वी केलेली सर्व इच्छापत्रे मी रद्द करते. त्यातले शेवटचे माझे यजमान आर्नल्ड यांच्या हयातीतले होते आणि त्यात सगळे काही त्यांनाच दिले होते. ते आधी गेले. सगळ्या संसारात त्यांनी माझे म्हणणे मोडले ते एवढेच.

माझे वकील मि. ब्रॉडबेंट यांनी कच्चा मसुदा वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, इच्छापत्रात गोष्टी नसतात. कोणाला काय द्यायचं, तेवढंच लिहायचं."

मी म्हटले, "तेवढंच लिहिलं तर का दिलं ते कळणार नाही. का ते कळलं नाही की भांडणं होतात. आणि भांडणं झाली की तुमची चांदी."

त्यांनी चष्मा परत घातला. या इच्छापत्राचा अंमल करण्यासाठी मी त्यांनाच व्यवस्थापक नेमते. माणूस सरळ आहे, फक्त हसताना कोणी पाहत नाही ना याची आधी खात्री करून घेतो.

१. घर

फ्लीटवुडचे हे घर मी आणि आर्नल्डने स्वकष्टाने घेतलेले आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही. माझ्या वडिलांनी मागे ठेवले ते एक पदक आणि एक टोपी, आणि टोपीसुद्धा दुसऱ्या कोणाची तरी निघाली. हे घर, आतल्या सामानासह, आर्नल्डची पुतणी लिंडा बॅम्बर हिला द्यावे. लिंडा दर रविवारी येते, आल्याबरोबर किटली ठेवते, आणि मला 'कसं वाटतंय' असे विचारत नाही. म्हातारपणी माणसावर याहून मोठे उपकार कोणी करू शकत नाही. पुढचे दार पावसाळी हवेत फुगते. त्याला शिव्या देऊ नयेत, खांदा द्यावा.

२. आर्नल्डची हत्यारे

नगरपालिका भाजी लावायला भाड्याने देते त्या जमिनीच्या तुकड्यावर आमचे जे छप्पर आहे, त्यातील फावडी, दाताळे, झारी आणि तेल लावून ठेवलेल्या सर्व कात्र्या शेजारच्या तुकड्यावर कांदे लावणारे मि. मकेनली यांना द्याव्यात. आर्नल्डला त्यांच्या कांद्यांचा हेवा वाटे. पण हे त्याने फक्त मला सांगितले होते. आता त्यांना कळायला हरकत नाही.

आर्नल्ड ट्राम चालवायचा. माझ्या एकाही विनोदावर तो कधी हसला नाही. टीव्हीवर माझी मालिका लागली की हातात चहाचा कप घेऊन तो शोकसभेला आल्यासारखा ताठ बसायचा. गल्लीतल्या घराघरांतून हसण्याचे आवाज येत, आणि हा शेवटी कप खाली ठेवून म्हणायचा, "हं. मजेदार आहे."

एकदा मी चिडले. "मजेदार आहे तर हसत का नाहीस?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "हसलो तर पुढचं वाक्य ऐकू येणार नाही."

मला आयुष्यात पुष्कळ बक्षिसे मिळाली. ती लिंडाने वाटेल त्याला द्यावीत, दाराला अडसर म्हणून वापरावीत. हे एक वाक्य मी बरोबर घेऊन जाते.

३. आईचा धोटा

दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या फळीवर लाकडी धोटा आहे. दोन्ही टोकांना पितळ आहे. तो माझी आई ॲनी हिच्या मागावरचा. तो रूथ फ्रुमकिन हिला द्यावा. रूथ कोण ते पुढे येईल. तिच्यासाठीच तर एवढे लिहिते आहे.

बोल्टनच्या ज्या गिरणीत आई विणकर होती, तिथे एका छपराखाली शेकडो माग चालत. कानाला तोंड लावून ओरडले तरी ऐकू येत नसे. म्हणून गिरणीतल्या बायका आवाजाशिवाय बोलत. ओठ, गाल, भुवया ताणून शब्द तोंडात घडवून दाखवायचा, आणि समोरचीने तो ओठांवरून वाचायचा. याला आम्ही 'मी-मॉ' म्हणायचो. दोन रांगांपलीकडची बाई आदल्या रात्री नवऱ्याने काय दिवे लावले ते साग्रसंगीत सांगायची, आणि मुकादम मधून चालत गेला तरी त्याला पत्ता नसायचा. बरेचदा विषय तो मुकादमच असायचा.

आईचे कान मागांनी नेले. घरीसुद्धा ती तशीच बोलायची. पंधराव्या वर्षी मी तिच्या शेजारच्या मागावर उभी राहिले. विनोदाचे शिक्षण कुठे घेतले असे मला मुलाखतींत विचारत. तिथे घेतले. आवाज काढायचा नसला की माणूस शब्द उधळत नाही. आई एखादा किस्सा भुवईच्या एका हालचालीवर आणून थांबवायची आणि पलीकडच्या रांगेत सुताचा धागा तुटायचा, कारण तिथली बाई हसून वाकलेली असायची. आईने मला पैसा दिला नाही, शाळा दिली नाही. पोट भरण्याचा धंदा मात्र दिला. तिच्या कबरीवरचे गवत लिंडाने कापून घ्यावे.

४. मागच्या दारावरचा मनुष्य

इथे काही द्यायचे नाही, फक्त आभार मानायचे आहेत.

गिरणीत असतानाच मी विनोद लिहून बोल्टनच्या नाटकगृहात येणाऱ्या एका नटाला विकू लागले. त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्याची नातवंडे चांगली आहेत. तो माझ्याप्रमाणेच मँचेस्टरच्या सॉली फ्रुमकिनकडूनही विनोद घ्यायचा. सॉली रेनकोटच्या कारखान्यात कापड बेतायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. आम्ही एकमेकांना पाहिलेले नव्हते.

एका शनिवारी तो नट पिऊन आला आणि त्याने दोघांचे विनोद एकात एक घातले. सॉलीच्या विनोदात ब्लॅकपूलची घरमालकीण होती: "मी विचारलं, खोलीतून समुद्र दिसतो का?" माझा विनोद गिरणीच्या खिडकीतून राणीची मिरवणूक बघण्यावर होता. नटाने सॉलीच्या मालकिणीला माझे उत्तर देऊन टाकले: "म्हणाली, न दिसायला काय झालं? तुम्ही कपाटावर चढा, मी पाय धरते."

नाटकगृह कोसळायचे राहिले. नटाला जाब विचारायला मी मागच्या दाराशी गेले, तर तिथे एक बुटका, मोठ्या कानांचा माणूस त्याच कामासाठी तावातावाने उभा.

"सुरुवात माझी होती," तो म्हणाला.

"आणि लोक हसले कुठे? शेवटाला. शेवट माझा."

"सुरुवात नसेल तर शेवटाला कुत्रं विचारत नाही."

"शेवट नसेल तर सुरुवातीला कोण विचारतं? निम्मा देश नुसत्या सुरुवाती करून बसलाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही नेहमी अशाच भांडता?"

"फक्त माझं बरोबर असतं तेव्हा."

"मग घरी चला. बायको म्हणते, भांडायचं असेल तर घरात आणून भांड, रस्त्यावर नको. सूप केलंय तिने."

त्याच्या बायकोचे नाव मिरियम. प्रेस्टविचला त्यांच्या स्वयंपाकघरात मी प्रथमच कोंबडीचे सूप त्यातल्या कणकेच्या गोळ्यांसकट प्यायले, आणि पुढची वीस-बावीस वर्षे पीत राहिले. तिथल्याच टेबलावर आम्ही दोघांनी जे काही लिहिले ते लिहिले. मिरियम आमच्याकडे पाठ करून भांडी घासायची. तिचे खांदे हलले तर विनोद ठेवायचा, नाही हलले तर खोडायचा. तिच्याशी वाद चालत नसे. सॉली, मिरियम, तुम्ही दोघांनी एका गिरणीवालीला टेबलाशी जागा दिलीत आणि ती जागा कोणाची याचा हिशेब कधी केला नाहीत. त्याची फेड या कागदाने होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

५. निमंत्रणाचे कार्ड

संडासाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कार्ड लटकते. त्यावर सोनेरी अक्षरांत 'मि. एफ. हॅसलम यांस' असे आहे.

आमची मालिका सुरू झाली तेव्हा निर्माते मि. पेव्हरेल यांनी श्रेयनामावलीत माझे नाव 'एफ. हॅसलम' एवढेच घातले. मला म्हणाले, "बाईने लिहिलंय असं कळलं की लोक हसण्याआधी विचार करतात." त्यामुळे मी 'फ्रेड' आहे असाच सगळ्यांचा समज झाला, आणि लंडनच्या एका पुरुषांच्या क्लबाने आम्हा दोघांना जेवायला बोलावले. मी निळा पोशाख शिवून घेतला. दारावरचा माणूस फार सभ्य होता. त्याने कार्ड पाहिले, मला पाहिले, आणि म्हणाला, "मिस्टर हॅसलम मागून येताहेत का?"

सॉलीने माझ्या हातातले कार्ड घेतले आणि त्याला म्हणाला, "मिस्टर हॅसलम येऊन गेले. त्यांना तुमचा वास आवडला नाही." मग आम्ही कोपऱ्यावरून तळलेला मासा आणि बटाटे आणले, वर शिंपडायचे व्हिनेगर राहिले, आणि त्या क्लबाच्या संगमरवरी पायऱ्यांवर बसून बोटे चाटत खाल्ले. आत शिरणारे एकेक कोटवाले आम्हाला ओलांडून जात होते. प्रत्येकाला सॉली विचारायचा, "व्हिनेगर आणलंत का?"

आता तिथे बायकांना घेतात असे ऐकते. तर ते कार्ड चौकटीसह क्लबाला परत करावे आणि सोबत कळवावे की, निमंत्रण पोचले, जेवण राहिले आहे, मिरियमची मुलगी रूथ माझ्या वतीने येईल आणि तिला गोड जास्त लागते.

मि. पेव्हरेल यांना काही देत नाही. ते वारले आहेत. पण खरे ते लिहिले पाहिजे: टीव्हीवर गुरुवारची संध्याकाळ आम्हाला मिळाली ती त्यांनी वर भांडून मिळवली म्हणून.

६. 'हरवले-सापडले' या मालिकेचे हक्क

या कलमासाठी मी हे इच्छापत्र नव्याने करते आहे. मि. ब्रॉडबेंट यांनी ते दोनदा वाचावे.

सदर मालिका मी आणि सॉली फ्रुमकिन यांनी मिळून लिहिली. बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर मिसेस थ्रिप नावाची बाई बसते आणि लोक आपापल्या छत्र्या, कवळ्या, एकदा तर सासू, शोधत येतात, एवढीच तिची गोष्ट. मालिकेचे हक्क अर्धे माझे, अर्धे सॉलीचे. सॉलीनंतर त्याचा अर्धा मिरियमकडे गेला, आणि गेल्या वर्षी मिरियम गेल्यावर त्यांची एकुलती मुलगी रूथ हिच्याकडे आला. आता एक कंपनी ही मालिका नव्याने करू म्हणते आहे.

गेल्या वसंतात रूथ माझ्याकडे आली. ती आता पंचावन्नच्या पुढची आहे, शाळेत गणित शिकवते, आणि बापाचे कान तिने जसेच्या तसे उचलले आहेत. टेबलावर तिने एक कागद ठेवला.

"फ्रीडामावशी, इथे सही कर. माझा अर्धा हक्क मी तुला देऊन टाकते आहे."

"का? काय झालं?"

"तो माझा नाहीच. बाबांचाही नव्हता." तिने कप फिरवला. "बाबांचा आवाज गेल्यानंतरची सगळी मालिका तू एकटीने लिहिलीस. त्यांना वाईट वाटू नये म्हणून नाव ठेवलंस. मला तेव्हाच माहीत होतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी जिन्यावर बसून अभ्यास करायचे. दार बंद असायचं. तासन् तास आतून फक्त तुझा आवाज यायचा. तूच वाक्यं म्हणायचीस, तूच हसायचीस. बाबांच्या अंत्ययात्रेला लोक येऊन मला म्हणत होते, काय वाक्य लिहून गेले तुझे वडील! आणि मी मान हलवत होते. चोरी केल्यासारखं वाटत होतं मला."

मी बोलायला गेले तर म्हणाली, "नको मावशी. तू चांगली आहेस, तू नाहीच म्हणणार." आणि कोट घालून गेली. कागद टेबलावरच राहिला.

चांगुलपणाचा आरोप माझ्यावर प्रथमच झाला. तोंडी सांगून ती ऐकेना, म्हणून सही-शिक्क्यानिशी लिहिते. इच्छापत्रात माणूस खोटे लिहीत नाही. लिहून मिळवायचे काय?

१९७१ साली सॉलीच्या घशात गाठ निघाली. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढले. जीव राहिला, आवाज गेला. त्या डॉक्टरांचे हात धरून मिरियम आणि मी दोघी रडलो होतो. त्यांचेही आभार इथेच मानते. पण जो माणूस झोपेतसुद्धा बोलायचा, तो खुर्चीत पाटी घेऊन बसून राहिला. पाटीवर विनोद सांगता येत नाही. खडू शेवटापर्यंत पोचायच्या आत समोरच्याला तो कळलेला असतो. चार-पाच दिवस प्रयत्न करून सॉलीने पाटी टेबलाखाली टाकली आणि भिंतीकडे तोंड केले.

मी त्याची खुर्ची माझ्याकडे वळवली. "बोल."

त्याने गळ्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवले.

"आवाज कोणी मागितलाय? नुसतं बोल. शब्द तोंडात घडव आणि मला दाखव. माझ्या आईशी मी असंच बोलत मोठी झाले."

त्याने ओठ जरासे हलवले.

"पुटपुटू नकोस. गिरणीतल्या बाईसारखं बोल. गाल वापर, भुवया कशाला दिल्यात देवाने?"

त्याने रागाने भुवया, गाल, सगळा चेहरा ताणून म्हटले, "मी मूर्ख दिसतोय!"

शब्द न् शब्द मला वाचता आला. मी म्हटले, "ते आवाज होता तेव्हाही दिसायचास."

सॉली हसला. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी. मोरीशी उभी असलेली मिरियम वळून बघत होती. तिच्या हातातली ताटली तिने खाली ठेवली ती अजून आठवते. फार जपून ठेवली, जणू आवाज झाला तर हे बंद पडेल.

तर रूथ, दारामागे असे चालायचे: तुझे बाबा ओठांनी बोलायचे आणि मी ते मोठ्याने म्हणायचे. मला लिहिताना प्रत्येक वाक्य कानाने ऐकावे लागते. ते म्हटल्याशिवाय माझी बोटे टंकयंत्रावर चालत नाहीत. तुला ऐकू आला तो माझा आवाज होता. वाक्ये निम्मी त्यांची होती, आणि चांगली वाक्ये निम्म्याहून जास्त त्यांची होती. हे लिहिताना माझा जीव किती जळतो आहे ते तुला कळले तर तू ते लगेच खरे मानशील. मी विनोद लिहिणारी बाई आहे. एक स्वल्पविरामसुद्धा माझा असता तर मी तो तुमच्या दारावर रंगवला असता. अर्धे श्रेय आयते देऊन टाकण्याइतके मोठे मन मला देवाने दिलेले नाही.

साक्षीपुरावा म्हणून दोन गोष्टी नोंदवते.

पहिली. सॉली परत कामावर आला त्या दिवशी लंडनच्या तालमीच्या खोलीत सगळे टेबलाभोवती बसलो होतो. मिसेस थ्रिपचे काम करणारी कोरा व्हिटल समोर होती. कोरा म्हणजे कर्नलची मुलगी. निदान ती तसे सांगायची, आणि बोलायची तर राजवाड्यात वाढल्यासारखी. मला ती सहन होत नसे, तिला मी. मि. पेव्हरेल फार मऊ आवाजात म्हणाले, "सॉलीने आता विश्रांती घ्यावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं. शेवटी लेखकाला बैठकीत बोलता आलं पाहिजे."

सॉलीने माझ्याकडे वळून ओठांनी म्हटले, "मी बोलत होतो तेव्हा तरी हा कुठे ऐकत होता?"

मी हसू गिळले. पण टेबलापलीकडे कोरा फस्सकन हसली. चहा तिच्या नाकातून आला.

"काय झालं, मिस व्हिटल?" पेव्हरेल म्हणाले.

"काही नाही. ते जे म्हणाले त्याला हसले."

"ते काही म्हणालेच नाहीत."

कोराने रुमालाने नाक पुसले. मग राजवाडा सोडून अस्सल ब्लॅकबर्नच्या बोलीत म्हणाली, "तुमाला न्हाई कळलं. मला कळलं. नाटकात यायच्या आधी सहा वर्सं माग चालवलेत मी." आणि सॉलीचे वाक्य तिने सगळ्यांसमोर, शब्द न गाळता, म्हणून दाखवले. पेव्हरेल लाल झाले. कोरा पुढे म्हणाली, "हा मानूस गेला तर मी बी गेले. मग बेस्तरवारी मिसेस थ्रिप तुमीच व्हा. स्कर्ट मी देते."

कर्नल बाप तिने वीस वर्षे जपला होता, आणि त्या दिवशी दोन वाक्यांत तो टेबलावर सोडून दिला. सॉली कामावर राहिला. कोराला मी त्या दिवसानंतर कधी नावे ठेवली नाहीत. निदान तिच्या ओठ वाचण्याच्या टप्प्यात तरी नाही.

दुसरी. ज्या वाक्याबद्दल लोक अजून मला रस्त्यात थांबवतात ते. एक म्हातारा दर आठवड्याला मिसेस थ्रिपच्या खिडकीशी येतो. ती वैतागून विचारते, "आज काय हरवलं?" पुढे काय, ते मला सुचत नव्हते. मी कुत्र्याचा पट्टा लिहिला, खोडला. हातमोजा लिहिला, खोडला. सॉली खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याने टेबलावर टिचकी मारून मला बघायला लावले आणि ओठांनी म्हटले:

"माझं काही हरवलं नाही हो. काही सापडलं का, ते विचारायला आलो."

मला हसू आले नाही. मी नुसती बघत राहिले. त्याने भुवया उंचावल्या: "हस की, हॅसलम. विनोद आहे." मग मी हसले, आणि मिरियमने दार उघडून विचारले, "काय म्हणाला? काय म्हणाला?"

सबब मी प्रतिज्ञेवर लिहून ठेवते की, सदर मालिकेचा अर्धा हक्क सॉलीचा होता, तो त्याने स्वतःच्या तोंडाने कमावला, आणि तो आता सर्वस्वी रूथचा आहे. माझा किंवा माझ्या वारसांचा त्यावर काडीइतका हक्क नाही. नवी मालिका झाली तर दोन्ही नावे पूर्ण, एका आकारात यावीत. 'फ्रीडा' असे सबंध लिहावे, आणि सॉलीचे पहिले.

एवढे लिहून झाल्यावर मी रूथला बोलावले आणि हे कलम वाचून दाखवले. तिने पिशवीतून एक तबकडी काढून टीव्हीला जोडलेल्या यंत्रात घातली. चौदा वर्षांची असताना तिने सेंट ॲन्सच्या वाळूवर घेतलेली फिल्म होती ती, मुकी. सॉली समुद्राकडे पाठ करून उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलत होता.

"मला वाटायचं, हे नुसते ओठ हलताहेत," रूथ म्हणाली. "मला त्यांचं कधीच वाचता आलं नाही. आई सांगायची काय ते."

मी खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. मला सगळे दिसत होते.

"ते म्हणताहेत, झाकण काढलंस ना गं कॅमेऱ्याचं?"

रूथ हसली.

"आता म्हणताहेत, आईला घेऊ नकोस, तिच्या तोंडात सँडविच आहे, घरी गेल्यावर माझं डोकं खाईल."

"आणि आता? हे शेवटचं?"

ते मी दोनदा मागे नेऊन बघितले. वाचायला अवघड होते म्हणून नव्हे.

"म्हणताहेत, पुरे. आता तू ये इकडे. तू कशातच दिसत नाहीयेस."

पडद्यावर समुद्र हलला, वाळू आली, आणि फिल्म संपली. रूथने तो हक्क सोडण्याचा कागद मागितला, माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले, आणि म्हणाली, "परत लाव. सुरुवातीपासून. मला शिकव."

दर बुधवारी येते ती आता. गाल वापरत नाही अजून, पण तेही जमेल.

७. माझा अर्धा वाटा

मालिकेतला माझा अर्धा हक्क आणि बँकेतली शिल्लक घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेलेल्या लोकांचे जे मंडळ बोल्टनच्या चर्चच्या सभागृहात भरते, त्याला द्यावी. अट एकच: त्यातून चांगला चहा घ्यावा. सध्याचा पिववत नाही.

८. कोराचा कोट

कोराने मला दिलेला फरचा कोट इथल्या हौशी नाटक मंडळीला द्यावा. तो खरा फर नाही. कोरा त्याला खरा म्हणायची. मंडळींनीही म्हणावा.

९. मागचे

प्रार्थना साधी असावी. नंतर मटण-बटाटे भरून भट्टीत भाजलेले पॅटिस आणि व्हिनेगरातला लाल कोबी द्यावा, पोटभर. 'आज ती असती तर हसली असती' असे कोणी म्हणू नये. मी फार थोड्या गोष्टींना हसले, आणि त्या चांगल्या होत्या. माझ्यावर आलेला दिवस आणि भेटलेला माणूस, दोहोंबद्दल माझी तक्रार नाही. असती तर मी ती वर एक कलम घालून केली असती, जागा होती.

१०. साक्षीदार

शेजारच्या मिसेस डिलिस प्रॉबर्ट यांना मी माझे चिनी मातीचे सगळे चहाचे सामान देणार होते. मि. ब्रॉडबेंट म्हणाले, कायद्याने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी डिलिसला विचारले, "कप हवेत की सही करायची?"

तिने कपांकडे एकदा बघितले. "सही करते."

"विचार कर. कप चांगले आहेत."

"कप चांगले आहेत गं. पण हे सगळं वाचल्यावर लोक विचारतील, बाई शुद्धीवर होती का म्हणून. ते सांगायला कोणीतरी हवं ना भरवशाचं."

म्हणून कप लिंडाला घरासोबत जातील, आणि डिलिसला मी कायद्याने काहीही देत नाही. दुसरी सही आपले पोस्टमन डेरेक स्टॅनिफोर्थ यांची. त्यांनी मजकूर वाचलेला नाही. पावसात पिशवी भिजते आहे म्हणून उभ्या उभ्या सही करतात.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तीन जागी खोडून सुधारला. तो मला मान्य आहे.

ठिकाण: फ्लीटवुड, माझ्या स्वयंपाकघरात
तारीख: १४ ऑक्टोबर २०१४

(सही) फ्रीडा बॅम्बर, ऊर्फ फ्रीडा हॅसलम

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी, इच्छापत्र करणारीने सही केली:

(सही) डेरेक स्टॅनिफोर्थ, पोस्टमन

(सही) डिलिस प्रॉबर्ट, शाळेतील निवृत्त स्वयंपाकीण
शेरा: सही करताना मिसेस बॅम्बर हसत होत्या. शुद्धीवर होत्या.